पास झालेली मुले

मांजरसुंब्याच्या चौकातून कपिलधारकडे वळले की थोड्याच वेळात बालाघाटच्या डोंगरांनी वेढलेले मन्मथस्वामींचे समाधिस्थान लागते. पावसाळ्यात इथे धबधब्याला गर्दी होते. कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेला मराठवाड्यातून, कर्नाटकातून, तेलंगणातून वीरशैव भाविकांच्या दिंड्या येतात. एरवी निवांत असते, आणि त्या निवांतपणामुळेच निवृत्तीनंतर रविवारच्या वर्गासाठी मी इथल्या एका धर्मशाळेची ओसरी निवडली. नेकनूर, लिंबागणेश, चौसाळा आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून मुलेमुली येतात. वय एकोणीस ते पंचवीस. सगळी बारावी पास, निम्मीअधिक पदवीधर, दोघे-तिघे एम.ए. पोलीस भरती, तलाठी, टीईटी, जी जाहिरात निघेल तिचा फॉर्म भरणारी. पहाटे डांबरी रस्त्यावर धावून, घरी आंघोळ-चहा उरकून दहापर्यंत हजर होतात. "ग्राउंड निघतं सर, लेखीत जातं," हे त्यांचे नेहमीचे बोलणे. पोलीस भरतीत मैदानी चाचणी 50 गुणांची आणि लेखी 100 गुणांची. लेखीत अंकगणित, मराठी व्याकरण, बुद्धिमत्ता आणि सामान्यज्ञान. बहुतेक सगळे शाळेतलेच. ही मुले अडतात ती तिथेच.

काय येत नाही ते नेमके सांगितले पाहिजे, कारण 'आजकालच्या पोरांना काही येत नाही' असे सरसकट म्हणणे अन्यायाचे आहे. ऑनलाइन फॉर्म, फोटोचा आकार, चलन, हमीपत्र यात ही मुले पटाईत आहेत. पीकविम्याचा अर्ज घरातला बाप भरत नाही, हीच भरतात. ट्रॅक्टर चालवतात, धारा काढतात, दवाखान्यात आजीला घेऊन जातात. येत नाही ते असे: तीन ओळींचे एक वाक्य वाचून त्याचा अर्थ सांगणे, स्वतःच्या मनातली गोष्ट चार वाक्यांत कागदावर उतरवणे, आणि शेकडेवारी.

शेकडेवारीचे एक उदाहरण देतो. 2024 च्या जानेवारीत ऊसतोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली. वर्गातल्या निम्म्या घरांतला कोयता दिवाळीनंतर कारखान्यावर जातो, म्हणून मी तोच विषय घेतला. म्हणालो, सोयीसाठी जुना दर टनाला 270 रुपये धरा. 34 टक्के वाढ झाली, नवा दर किती? बी.ए. झालेला एक मुलगा पुढे बसला होता. त्याने वहीत 270 लिहिले, खाली 34 लिहिले, बेरजेची रेघ मारली आणि 304 उत्तर काढले. मांडणी नीटनेटकी होती, हातचाही बरोबर घेतला होता. शेजारच्या तिघांचेही उत्तर 304 आले. उरलेले गप्प बसले. मी फळ्यावर सोडवून दाखवले: 270 चे 10 टक्के 27, 30 टक्के 81, 4 टक्के 10 रुपये 80 पैसे, सगळे मिळून 91 रुपये 80 पैसे, नवा दर 361 रुपये 80 पैसे. तुमचे उत्तर टनामागे 57 रुपये 80 पैशांनी कमी आहे. नवराबायकोच्या एका कोयत्याने दिवसाला दोन टन ऊस तोडला असे धरा, पाच महिन्यांच्या हंगामात किती फरक पडला? तो हिशेब आम्ही सगळ्यांनी मिळून केला. 17,340 रुपये आले. तो मुलगा बराच वेळ वहीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "सर, आमचा हिशेब मुकादमाच्या डायरीत असतोय. दादा म्हणतेत, एवढी उचल फिटली, एवढी राहिली. आम्ही 'हो' म्हणतो."

पंधरा वर्षे शाळा-कॉलेजात गेलेल्या मुलाला बापाच्या कष्टाचा हिशेब मांडता येत नसेल, तर त्या पदवीचे त्याने काय करायचे? हा प्रश्न मला झोपू देत नाही, आणि तो मी त्या मुलाला विचारत नाही. ज्यांनी त्याला पदवी दिली त्यांना विचारतो.

दुसरे उदाहरण अर्जाचे. एका मुलाची गुणपत्रिका गहाळ झाली होती. दुय्यम प्रत मिळण्यासाठी मंडळाकडे अर्ज करायचा होता. मराठी विषय घेऊन प्रथम श्रेणीत पदवी मिळवलेला मुलगा. 'प्रति', 'विषय', 'महोदय' इथपर्यंत सराईतपणे लिहिले आणि पेन थांबले. काय झाले, कधी झाले, काय हवे, एवढेच लिहायचे होते. तोंडी त्याने मला सगळे व्यवस्थित सांगितले: पाडव्याला घर सारवताना पेटी बाहेर काढली, पाऊस आला, कागद भिजून लगदा झाले. हेच लिही म्हटले तर कपाळावर घाम आला. "सर, मी लिहायलोय, पण काय लिहायलोय ते मलाच कळंना." कारण सोपे होते. त्याने आजवर जे लिहिले ते सगळे कुठून तरी उतरवलेले होते. शाळेत फळ्यावरून, बारावीला अपेक्षित प्रश्नसंचातून, परीक्षेत मायक्रो झेरॉक्सवरून. स्वतःचे वाक्य तयार करण्याची वेळ त्याच्यावर कुणी येऊच दिली नव्हती.

हे आमच्या जिल्ह्यापुरते आहे असा समज नको. प्रथम संस्थेच्या 'असर'ने 2023 साली देशभरातल्या निवडक जिल्ह्यांत 14 ते 18 वयाच्या मुलामुलींची पाहणी केली. त्यांतल्या सुमारे चौथाई मुलांना आपल्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा मजकूर सलग वाचता आला नाही. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे निम्म्याहून अधिक मुलांना जमले नाही. आणि यांतली बहुतेक मुले कुठल्या ना कुठल्या शाळा-कॉलेजात दाखल होती.

दोष कुणाचा, हे विचारायला गेले की प्रत्येक जण खालच्या पायरीकडे बोट दाखवतो. विद्यापीठ म्हणते, बारावीची मुले कच्ची येतात. कनिष्ठ महाविद्यालय म्हणते, दहावीचा पाया नाही. हायस्कूल जिल्हा परिषदेच्या शाळेकडे बघते. जिल्हा परिषदेचे गुरुजी म्हणतात, आईबाप मुलाला घेऊन कारखान्यावर गेले, मी शिकवू कुणाला? आणि आईबाप म्हणतात, पोरगं मोबाईल सोडत नाही. या प्रत्येक तक्रारीत तथ्य आहे. पण सगळेच दोषी म्हटले की कुणीच दोषी राहत नाही, आणि शेवटी सगळा भार त्या बावीस वर्षांच्या पोरावर पडतो. मला ते मान्य नाही.

आधी 'पूर्वी असे नव्हते' या बोलण्याचा विचार करू. मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 ला निजामाच्या राज्यातून मोकळा झाला. तोवर वरचे शिक्षण उर्दूतून, शाळा मोजक्या. अंबाजोगाईला योगेश्वरी विद्यालयासारख्या संस्था लोकांनी पदरमोड करून चालवल्या, स्वामी रामानंद तीर्थांसारखी माणसे तिथे शिकवायला उभी राहिली. त्या शाळांतून बाहेर पडलेला माणूस चांगले मराठी लिहायचा यात शंका नाही. पण गावातली शंभरातली किती पोरे त्या शाळेपर्यंत पोचत होती? उरलेली गुरे वळत होती आणि त्यांना वाचता येते की नाही हे कुणी विचारतच नव्हते. आज त्यांचीच नातवंडे पदवीच्या वर्गात बसली आहेत. निवडक मूठभरांची तुलना सगळ्यांशी करून 'दर्जा घसरला' म्हणणे चूक आहे. कच्ची तयारी असलेली मुले पुढे जाऊच शकत नाहीत असेही नाही. 1950 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादेत महाविद्यालय काढले, पुढे मिलिंद म्हणून नावाजलेले. तिथे आलेल्या मुलांच्या घरात पूर्वी कुणी पाटी धरली नव्हती. त्यांना तिथे वसतिगृह मिळाले, ग्रंथालय मिळाले, म. ना. वानखडे यांच्यासारखे प्राचार्य मिळाले, आणि त्या परिसरातून मराठी साहित्याला कलाटणी देणारी माणसे बाहेर पडली. मुले अशीच गरीब होती. शिकवणारे मात्र शिकवत होते.

म्हणून माझा पहिला आरोप परीक्षेवर आहे.

नोकरीच्या काळात मी अनेक वर्षे उत्तरपत्रिका तपासल्या. एका केंद्राच्या गठ्ठ्यात पहिल्या पेपरात बालकवींचा जन्म 1980 चा लिहिलेला आढळला. घाईत आकडे उलटे पडले असतील असे वाटले, कारण जन्म 1890 चा. दुसऱ्या पेपरातही 1980. तिसऱ्यात, चौथ्यात, पुढे गठ्ठा संपेपर्यंत तेच. ज्या छापील कागदावरून सगळ्यांनी उतरवले त्यात छपाईची चूक होती, आणि अख्ख्या केंद्रात एकालाही ती खटकली नाही. 1918 साली वारलेल्या कवीचा जन्म त्यांनी 1980 साली लिहिला होता. मृत्यूचे साल त्याच परिच्छेदात बरोबर होते. मी सविस्तर अहवाल लिहून पाठवला. त्याचे पुढे काय झाले ते मला कळवले गेले नाही.

परीक्षांतल्या गैरप्रकारांविरुद्ध महाराष्ट्रात 1982 पासून कायदा आहे. तरी मार्च आला की केंद्राच्या भिंतीला शिड्या लागतात, चुलते-मामे खिडकीशी उभे राहतात. 'सेंटर चांगलं आहे' याचा आमच्याकडे अर्थ काय होतो, हे पालकांना सांगावे लागत नाही. लांबलांबची मुले केवळ परीक्षेपुरती इथे नाव घालतात, कारण पास होण्याची हमी मिळते. नांदेडला श्रीकर परदेशी जिल्हाधिकारी असताना 2010 च्या सुमारास कॉपी खरोखर बंद करून दाखवली गेली. निकाल कोसळले, ओरड झाली, पण मुलांना खरे किती येते ते पहिल्यांदा दिसले. खरे मोजल्याशिवाय उपाय सुरूच होत नाही. ज्या मुलाला तिसरीत भागाकार आला नाही त्याला तिसरीतच ते कळले असते तर आठ दिवसांत शिकवता आले असते. त्याला ते पोलीस भरतीच्या लेखीत, चोविसाव्या वर्षी कळते.

गुण कसे वाढतात याचे उदाहरण राज्याच्या निकालातच आहे. 2019 साली दहावीला भाषा विषयांचे शाळेच्या हातातले अंतर्गत 20 गुण काढून टाकले होते. त्या वर्षी निकाल 77.10 टक्के लागला. गदारोळ झाला, गुण परत आले आणि 2020 चा निकाल 95.30 टक्क्यांवर गेला. त्या वर्षी टाळेबंदीमुळे भूगोलाचा पेपर झाला नव्हता हे खरे, पण एका पेपराने एवढा फरक पडत नाही. शाळा त्याच होत्या, शिक्षक तेच होते. पुढे 2021 ला परीक्षाच झाली नाही आणि 99.95 टक्के मुले उत्तीर्ण झाली. आज माझ्यासमोर बसणाऱ्यांत त्या वर्षीची मुले आहेत. त्यांचे दहावीचे दिवस कसे गेले ते त्यांच्याच तोंडून ऐकावे. घरात एक फोन, तो बापाकडे, बाप उसाच्या फडात. रेंज डोंगरावर. शिक्षक व्हिडिओची लिंक पाठवायचे, ती रात्री नऊला बघायची. त्या पिढीला आता 'मोबाईलने बिघडवले' म्हणणारे विसरतात की त्यांच्या हातात मोबाईल शाळा म्हणून आपणच दिला होता.

हा रोग श्रीमंत देशांतही आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो परिसरात प्राध्यापकांच्या समितीने 2025 च्या नोव्हेंबरात अहवाल दिला. शालेय पातळीचेही गणित न येणाऱ्या नव्या विद्यार्थ्यांची संख्या पाच वर्षांत जवळपास तीसपट झाली होती, आणि त्यांतल्या कितीतरी जणांच्या शाळेच्या गुणपत्रिकेवर गणिताला उत्तम श्रेणी होती. म्हणजे गुण आणि येणे यांची फारकत तिथेही झाली आहे. फरक एवढाच की तिथल्या विद्यापीठाने ते मोजून जाहीरपणे सांगितले.

'आठवीपर्यंत नापास करायचे नाही म्हणून वाटोळे झाले' हे मला पटत नाही. शिक्षणहक्क कायदा 2010 च्या 1 एप्रिलला लागू झाला तेव्हा त्याने नापास करू नका एवढेच सांगितले नव्हते. मुलाला काय येते, काय येत नाही ते सतत तपासत राहा आणि मागे पडले तर हात द्या, असेही सांगितले होते. पहिला भाग सोपा होता, तो पाळला गेला. दुसरा भाग नोंदवहीत भरला गेला. नापास झालेले मूल आमच्याकडे पुन्हा त्याच वर्गात बसत नाही, ते फडावर जाते आणि मुलगी असेल तर तिचे लग्न होते. त्यामुळे पुन्हा नापास करा म्हणणाऱ्यांनी एकदा डिसेंबरात आमच्या गावांत येऊन पटावरची आणि हजर असलेली मुले मोजावीत. हंगामी वसतिगृहे आहेत, आजीआजोबांजवळ राहून शिकणारी मुलेही आहेत. तरी वर्षातले चार-पाच महिने शाळेपासून तुटणारे मूल सातवीपर्यंत दोन वर्षांनी मागे पडते, आणि ते मागे पडलेले कुठल्याच निकालपत्रात दिसत नाही.

दुसरा आरोप शिक्षकांच्या रिकाम्या जागांवर आहे. महाविद्यालयांत वर्षानुवर्षे जागा भरलेल्या नाहीत. तासिका तत्त्वावर काम करणारे नेट-सेट, पीएच.डी. झालेले तरुण एका कॉलेजात सकाळी आणि दुसऱ्यात दुपारी तास घेतात, सुट्टीत पगार नाही, मानधन महिनोन्‌महिने येत नाही. अशा माणसाने शंभर निबंध घरी नेऊन तपासावेत ही अपेक्षा कुठल्या तोंडाने करायची? लिहायला शिकवणे म्हणजे लिहिलेले वाचणे, खाली रेघ मारणे, पुन्हा लिहून आणायला लावणे. त्याला माणूस लागतो आणि वेळ लागतो. या दोन्हींवर काटकसर करून पदव्यांची संख्या मात्र आपण वाढवत नेली.

एका मुलीबद्दल सांगितले पाहिजे. बारावी झालेली, आईबाप मजूर, शाळा बाकीच्यांसारखीच. पहिल्या दिवशी अग्रलेख वाचायला दिला तर तिने तो न अडखळता वाचला, स्वल्पविरामाला थांबली, प्रश्नार्थक वाक्याला आवाज वर नेला. इतर मुले तिच्याकडे बघतच राहिली. विचारले तेव्हा कळले की घरी आजी रोज संध्याकाळी 'परमरहस्य'ची पोथी लावते. मन्मथस्वामींचा हा ओवीबद्ध ग्रंथ इथल्या वीरशैव घरांत पारायणात वाचतात. आजीची नजर अधू झाली तेव्हापासून, म्हणजे दुसरी-तिसरीत असल्यापासून, पोथी नातीने वाचायची आणि आजीने ऐकायची. आजी चौथी शिकलेली. तिला सगळ्या ओव्या तोंडपाठ, त्यामुळे शब्द चुकला की लगेच म्हणायची, "थांब बाय, परत म्हण." त्या मुलीला घरातच रोज ऐकणारे आणि चूक दाखवणारे माणूस मिळाले. शाळेत बारा वर्षांत तिच्या वर्गमित्रांना ते मिळाले नाही. पोथीच हवी असे माझे म्हणणे नाही. वर्तमानपत्र चालेल, खताच्या गोणीवरचा मजकूर चालेल. मोठ्याने वाचणारे मूल आणि कान देऊन ऐकणारे मोठे माणूस, दोघांनी रोज एकत्र बसले पाहिजे.

रविवारच्या वर्गात आम्ही तेच करतो. प्रत्येकाने एक परिच्छेद मोठ्याने वाचायचा, मग बंद करून त्यात काय होते ते सांगायचे. श्रुतलेखन. पाढे, होय, बावीस वर्षांच्या मुलांना पाढे. आठवड्यात आपल्या गावात घडलेली एक गोष्ट दहा ओळींत लिहून आणायची, मोबाईलमधून उतरवलेली चालणार नाही. पहिले काही रविवार मुले लाजतात, काही येणेच बंद करतात. जी टिकतात त्यांच्यात दोन-तीन महिन्यांत फरक पडतो आणि तो झपाट्याने पडतो. 304 उत्तर काढणाऱ्या मुलाने या दिवाळीआधी मुकादमाची डायरी बघायला मागितली. स्वतःच्या वहीत तारीखवार टन लिहिण्याचे ठरवून तो आईबापांबरोबर कारखान्यावर गेला. तिथून तो मला फोनवर हिशेब वाचून दाखवतो. बेरजा बरोबर असतात. एवढ्या थोड्या काळात हे जमते, याचा अर्थ या मुलांच्या डोक्यात काही कमी नव्हते. पंधरा वर्षे त्यांना शिकवल्याचे फक्त कागदोपत्री दाखवले गेले, आणि ज्यांनी ते दाखवले त्यांत अनुदान घेणारे आहेत, पगार घेणारे आहेत, निकालाची टक्केवारी फ्लेक्सवर छापणारे आहेत आणि खिडकीतून चिठ्ठी देणारे आईबापही आहेत.

त्या आईबापांनाच माझे सांगणे आहे. संस्थाचालक आणि सरकार यांच्याशी भांडायला वेळ लागेल, ते भांडण चालू ठेवू. तोवर तुमच्या घरात शाळेत जाणारे किंवा बारावी झालेले मूल असेल तर आज संध्याकाळी त्याच्याकडून पेपरातली एक बातमी मोठ्याने वाचून घ्या. तुम्हाला वाचता येत नसले तरी बातमी कशाची आहे ते त्याला विचारा. अडखळले तर त्याच्यावर चिडू नका. उद्या सकाळी त्याच्या शाळेत जा, आणि याला पास कशाच्या जोरावर केले ते विचारा.